‘बॉबकॅटचा पाइप द्या’ म्हणून पार्ट मिळत नसतो



आज पिकाचं नाही, यंत्राचं लिहितोय. पण विषय शेतीबाहेरचा नाही. गोठ्यातलं शेण काढणं, पोल्ट्रीचं शेड झाडणं, प्रेसमडचे ढीग पलटणं, मुरघासाचा बंकर भरणं, या सगळ्या कामांत आता स्किड स्टीअर लोडर दिसायला लागलाय. काही मोठ्या डेअरीवाल्यांनी स्वतःचा घेतलाय, काही शेतकरी कंपन्यांनी घेतलाय, काहीजण जुना आणून भाड्यानं फिरवतात. आणि हातभर लांबीचा एक पाइप फुटला की हे सगळं काम जागेवर थांबतं. मुरघास भरताना मध्येच तीन दिवसांचा खंड पडला तर त्या थरात काय होतं हे कृषी सहाय्यकांनाही माहीत आहे आणि वास घेणाऱ्या म्हशीलाही.

माझं मत सरळ सांगतो. ही मशिनं पार्ट बाजारात नाही म्हणून फार कमी वेळा उभी राहतात. पार्ट नेमका कुठला पाहिजे हे कुणीच नीट सांगत नाही म्हणून उभी राहतात. यात निम्मा वाटा आपला आहे, कारण आपण नावानं पार्ट मागतो. निम्मा वाटा कंपन्यांचा आणि विक्रेत्यांचा आहे, कारण ते माप आणि नंबर आपल्या हातात देत नाहीत. दोन्ही बाजू आज लिहिणार आहे.

आधी नावाचं बघू. कुठल्याही बॅकहोला आपण जेसीबी म्हणतो, तसं कुठल्याही स्किड स्टीअरला बॉबकॅट म्हणतो. गप्पा मारताना चालतं. पण दुकानात जाऊन ‘बॉबकॅटचा पाइप द्या’ म्हटलं की दुकानदार विचारणारच, ‘कुठला बॉबकॅट? कुठल्या सालातला? पाइप कुठला, बूमचा, बकेटचा, का ड्राइव्हचा?’ आपण म्हणतो, ‘ते काय ते तुम्हीच बघा की.’ मग तो अंदाजानं देतो, आपण अंदाजानं बसवतो, आणि तो पाइप बसतोही. इथंच खरी गंमत आहे. चुकीचा हायड्रॉलिक पार्ट बऱ्याचदा बसतो. बसला म्हणजे बरोबर, असं इथं चालत नाही.

या मशीनचा जन्म शेतकऱ्याच्याच गरजेतून झाला. १९५७ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात एका टर्की पाळणाऱ्या शेतकऱ्याला शेडमधली घाण काढायला खांबांच्या मधून फिरणारं छोटं यंत्र पाहिजे होतं. गावात दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या केलर बंधूंनी ते तीन चाकांवर बनवून दिलं. पुढं मेलरो कंपनीनं ते घेतलं, चार चाकी केलं आणि १९६२ मध्ये त्याला बॉबकॅट हे नाव दिलं. म्हणजे गावच्या मिस्त्रीनं बनवलेली वस्तू. आज तीच वस्तू गावचा मिस्त्री नंबराशिवाय दुरुस्त करू शकत नाही, हे मला पटत नाही. म्हणून हा लिहिण्याचा खटाटोप.

मशीन थोडक्यात समजून घ्या

स्किड स्टीअरला गिअरबॉक्स आणि स्टिअरिंग नसतं. इंजिन पंप फिरवतं. चाकं पळवायला हायड्रोस्टॅटिक पंपांची जोडी असते, एक डाव्या बाजूच्या चाकांसाठी, एक उजव्या. त्यांचं तेल ड्राइव्ह मोटरला जातं. बूम उचलायला आणि बकेट वळवायला वेगळा गिअर पंप असतो. त्याचं तेल कंट्रोल व्हॉल्व्हमधून सिलिंडरला आणि पुढच्या जोडणीच्या अवजारांना जातं. म्हणजे एका मशीनमध्ये दोन वेगळे संसार आहेत. ‘हायड्रॉलिक गेलं’ असं म्हणण्याआधी कुठल्या संसारात भांडण आहे ते बघा.

मशीन पळतंय झकास पण बूम आणि बकेट दोन्ही मंद, तर संशय गिअर पंपावर, रिलीफ व्हॉल्व्हवर किंवा तेल ओढणाऱ्या लाइनवर. फक्त बकेट मंद आणि बूम बरोबर, तर पंप निर्दोष आहे, बकेटच्या सिलिंडरकडं किंवा त्याच्या स्पूलकडं बघा. सकाळी गार असताना चांगलं चालतं आणि तेल तापलं की दम सोडतं, तर पंप आतून झिजलेला असण्याची शक्यता मोठी, कारण पातळ तेल झिजलेल्या फटीतून मागं पळतं. एवढं बघायला पाच मिनिटं लागतात. आपल्याकडं ही पाच मिनिटं न देता थेट पार्ट आणायला गाडी काढतात.

एक उदाहरण देतो. उचललेला बूम हळूहळू खाली बसतोय. शंभरातले नव्वद लोक म्हणणार, सिलिंडरचं सील गेलं. पण विचार करा. डबल ॲक्टिंग सिलिंडरचे दोन्ही पाइप व्हॉल्व्हनं बंद धरलेत. पिस्टनचं सील गळून खालच्या बाजूचं तेल वरच्या बाजूला जायचं म्हटलं तरी वरच्या बाजूला रॉडनं जागा अडवलेली असते, तिथं ते सगळं तेल मावतच नाही. म्हणून नुसत्या पिस्टन सीलनं बूम थोडा बसून थांबतो. बसतच राहिला तर तेल बाहेर कुठंतरी वाट काढतंय. रॉडवरून बाहेर गळत नसेल तर बहुतेक वेळा ती वाट कंट्रोल व्हॉल्व्हच्या स्पूलमधली असते. अशा वेळी सील किट बदलून काय होणार? किटचे पैसे, मिस्त्रीचे पैसे, दोन दिवस, आणि बूम परत खाली.

बकेटच्या सिलिंडरचं पिस्टन सील तपासायची साधी रीत आमचे मिस्त्री वापरतात. बकेट जमिनीला टेकवून रॉड पूर्ण बाहेर येईपर्यंत सिलिंडर न्यायचा, इंजिन बंद करून दाब मोकळा करायचा, रॉडच्या बाजूचा पाइप सोडून त्या पाइपला बूच मारायचं, आणि मग सगळ्यांनी लांब उभं राहून इंजिन हळू चालू करून त्याच दिशेला दाब द्यायचा. मोकळ्या तोंडातून तेलाची धार लागली तर पिस्टन सील गेलं. नाही लागली तर सिलिंडर निर्दोष. हे जाणकार मिस्त्रीनंच करायचं, पोरासोरांनी नाही.

पाइप: काळा दिसतो म्हणून सारखा नसतो

आपल्याकडं सगळ्यात जास्त फसवणूक पाइपात होते, आणि बऱ्याचदा ती कुणी मुद्दाम करत नाही.

होजवर रेघ असते, तिच्यावर छापलेलं असतं. ते वाचा. १ एसएन म्हणजे एका पदराची स्टीलच्या तारेची वीण, २ एसएन म्हणजे दोन पदर. अर्ध्या इंची होजला युरोपियन मानकाप्रमाणं १ एसएनचा कामाचा दाब १६० बार आहे, २ एसएनचा २७५ बार. स्किड स्टीअरच्या बूमचा दाब साधारण २०० बारच्या आसपास किंवा वर असतो. म्हणजे एक पदराचा पाइप बसेल, चालेल, आणि काम जोरात असताना एक दिवस फाटेल. बाहेरून बघितलं तर दोन्ही काळे.

दुसरी गोष्ट, पाइप मोठा घेतला की मजबूत झाला असं नाही. तोच २ एसएन पाऊण इंचात घेतला तर कामाचा दाब २१५ बारवर येतो. आणि तीन अष्टमांश इंचात ३३० बार. आतलं भोक वाढलं की भिंतीवर ताण वाढतो. विहिरीच्या पाइपलाइनचा हिशेब इथं लावू नका.

होजवर डॅश नंबर असतो तो इंचाच्या सोळाव्या भागात असतो. डॅश ६ म्हणजे तीन अष्टमांश, डॅश ८ म्हणजे अर्धा, डॅश १२ म्हणजे पाऊण. हे आतलं माप आहे, बाहेरून टेप लावून हे कळत नाही.

तिसरी गोष्ट, तेल ओढणारी लाइन. टाकीतून पंपाकडं येणाऱ्या पाइपात दाब नसतो, उलट ओढ असते. म्हणून त्याच्या भिंतीत स्प्रिंगसारखी वळणदार तार असते. तिथं साधा परतीचा पाइप क्लॅम्प मारून बसवला की तेल गरम झाल्यावर तो आतल्या आत चपटा होतो. पंपाला तेल मिळत नाही, पंप किंचाळायला लागतो, आणि मग लोक म्हणतात पंप डुप्लिकेट निघाला. पंपानं काय पाप केलं? त्याला उपाशी ठेवून नांगराला जुंपलं.

लांबीसुद्धा नीट घ्या. दाब आला की होज आखडतो किंवा ताणतो, सुमारे ४ टक्के कमी किंवा २ टक्के जास्त. ताणून बसवलेला पाइप निपलापाशीच फुटणार. बसवताना ती छापलेली रेघ सरळ राहते का बघा. रेघ पिळली म्हणजे पाइप पिळला. आणि वळणाला जागा द्या. अर्ध्या इंची २ एसएनला कमीत कमी १८० मिलिमीटरची त्रिज्या लागते, म्हणजे वीतभर. तेवढी जागा नसेल तर कोपऱ्याचं फिटिंग घ्या, पाइप मुरडू नका.

क्रिम्पिंगवाल्याकडं गेलात तर दोनच गोष्टींचा आग्रह धरा. जुनं निपल काढून नव्या होजला लावू नको म्हणावं. आणि होज कापल्यावर आतून साफ करून दे म्हणावं. कटरची रबराची आणि तारेची भुकटी आत राहिली तर तुम्ही पाइप बदलायला जाऊन व्हॉल्व्ह घालवून परत येता.

आटे: एक मिलिमीटरचं राजकारण

भारतीय, युरोपियन, अमेरिकन, जपानी, चार घराण्यांची मशिनं आपल्या रस्त्यावर आहेत आणि प्रत्येकाचे आटे वेगळे. अर्ध्या इंची होजच्या टोकालाच बघा. बीएसपी असेल तर बाहेरच्या आट्याचा व्यास २०.९५ मिलिमीटर आणि इंचाला १४ आटे. जेआयसी असेल तर १९.०५ मिलिमीटर आणि इंचाला १६ आटे. मेट्रिक असेल तर २० किंवा २२ मिलिमीटरमध्ये दीडचा पिच असू शकतो. नुसत्या डोळ्यानं २०.९५ आणि २० मधला फरक सांगणारा माणूस मला अजून भेटलेला नाही. दोन-तीन आटे हातानं चढतात, मग अडकतं, मग पाना लावून ओढतात, आणि ब्लॉकचे आटे उडतात. शंभर-दोनशेच्या फिटिंगपायी व्हॉल्व्ह ब्लॉक गेला.

आट्याइतकाच महत्त्वाचा तोंडाचा कोन. जेआयसीचा ३७ अंश, बीएसपीच्या कोनाचं दोन्ही बाजू मिळून ६० अंश, मेट्रिकमध्ये बऱ्याच ठिकाणी २४ अंश, आणि ओआरएफएस असेल तर तोंड सपाट, त्यात ओ-रिंग. या जोडण्यांमध्ये तेल आट्यांनी अडत नाही, कोनानं किंवा ओ-रिंगनं अडतं. आटे फक्त दाबून धरतात. म्हणून तिथं टेफ्लॉन टेप गुंडाळणं म्हणजे धोतराला गाठ मारून विहिरीची गळती थांबवणं. टेपचे तुकडे मात्र तेलाबरोबर आत जातात आणि स्पूल अडकवतात.

व्हर्नियर आणि पिच गेज. दोन हत्यारं. शेतकरी कंपनीच्या अवजार बँकेत ही दोन नसतील तर ती बँक अपुरी आहे असं माझं मत आहे.

सील किट: मिलिमीटर का इंच?

सिलिंडर उघडला की जुनं सील घेऊन दुकानात पळायची आपली पद्धत. जुनं सील तेलात वर्षानुवर्षं फुगलेलं तरी असतं नाहीतर उष्णतेनं आकसलेलं. त्याच्यावरून माप घेणं म्हणजे जुन्या चपलेवरून पायाचं माप घेणं. माप घ्यायचं ते रॉडचं, बोअरचं आणि सील ज्या खाचेत बसतं त्या खाचेचं.

आणि इथं सगळ्यात मोठा खड्डा इंच आणि मिलिमीटरचा आहे. अडीच इंच बोअर म्हणजे ६३.५ मिलिमीटर. आणि मेट्रिकमध्ये प्रचलित बोअर ६३ मिलिमीटर. दोन इंच म्हणजे ५०.८, आणि शेजारी ५० उभा आहे. पावणेदोन इंची रॉड ४४.४५, शेजारी ४५. अर्ध्या मिलिमीटरच्या फरकाचं सील हातानं बसवताना कळत नाही. पण ६३ मिलिमीटरच्या पिस्टनवर २०० बारचा दाब म्हणजे सहा टनांच्या वर जोर. एवढ्या जोराला अर्धा मिलिमीटर म्हणजे वेशीचा दरवाजा उघडा ठेवल्यासारखं आहे.

सील बदलायच्या आधी रॉडवरून नख फिरवा. क्रोम उडालेलं असेल, खड्डे असतील, शेणाच्या अमोनियानं आणि पावसानं गंज धरलेला असेल, तर जगातलं सगळ्यात महागडं सीलसुद्धा तिथं टिकणार नाही. आधी रॉडला क्रोम करून घ्या किंवा नवा रॉड करा. हे काम आपल्याकडं चांगलं होतं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात काय, सांगली-मिरजेत काय, लेथवर हात बसलेली माणसं आहेत. त्यांच्याकडं कौशल्य कमी नाही, त्यांच्यापर्यंत माप पोचत नाही.

पंप आणि मोटर: इथं अंदाज नको

गिअर पंप बदलताना चार गोष्टी जुळल्या पाहिजेत: एका फेऱ्यात किती सीसी तेल, फिरायची दिशा, शाफ्टचे दाते किंवा चावी, आणि फ्लँज. शेवटच्या दोन जुळल्या नाहीत तर पंप बसतच नाही, म्हणून त्या चुकत नाहीत. पहिल्या दोन चुकल्या तरी पंप बसतो, म्हणून त्याच चुकतात.

दिशा उलटी असेल तर दाब तेल ओढायच्या बाजूला येतो आणि पहिल्या मिनिटात शाफ्टचं सील बाहेर. सीसीचा हिशेब तर शाळेतला आहे. २८ सीसीचा पंप २४०० फेऱ्यांवर मिनिटाला सुमारे ६७ लिटर देतो. कुणी म्हणालं ‘शेठ, ३६चा टाका, बूम पळेल,’ तर तो ८६ लिटर देईल, हे खरं. पण २०० बारला पहिल्या पंपाला सुमारे ३० एचपी लागतात, दुसऱ्याला ३८च्या वर. हे जास्तीचे आठ एचपी इंजिन कुठून आणणार? शिवाय जास्तीचं तेल त्याच व्हॉल्व्हच्या अरुंद वाटेतून ढकललं की तेल तापणार. तेल तापलं की सील, होज, सगळ्यांचं आयुष्य घटणार. फुकट जोर कुठंच मिळत नाही, बैलाकडून नाही आणि पंपाकडूनही नाही.

ड्राइव्ह मोटरला दोन जाड पाइप असतात आणि बऱ्याच मशीनमध्ये एक बारीक. त्या बारीक पाइपाला केस ड्रेन म्हणतात. मोटरच्या आत झिरपलेलं तेल तो टाकीकडं नेतो. बारीक आहे म्हणून त्याला किरकोळ समजू नका. तो चेमटला, त्याच्यात बूच अडकलं किंवा तो दाबाच्या परतीच्या लाइनला जोडला, तर मोटरच्या पोटात दाब चढतो आणि शाफ्टचं सील उडतं. सील दोनदा बदललं, तिसऱ्यांदा गेलं, तर चौथं सील आणू नका. तो बारीक पाइप तपासा.

फिल्टरचंही तेच. आटे जुळले म्हणजे फिल्टर जुळला असं नाही. किती मायक्रॉनचा आहे आणि बायपास किती दाबाला उघडतो हे जुळायला हवं. आपल्या डोळ्याला साधारण ४० मायक्रॉनच्या खालचं दिसत नाही, आणि हायड्रोस्टॅटिक पंपाला मारणारी धूळ त्याच्यापेक्षा बारीक असते. तेल डोळ्याला स्वच्छ दिसतंय हा पुरावा नाही.

ओरिजिनल का लोकल?

आपल्या कट्ट्यावर हा वाद रोज चालतो. एकजण म्हणतो कंपनीचाच घ्या, दुसरा म्हणतो कंपनी लुटते. माझ्या मते प्रश्नच चुकीचा मांडलाय. प्रश्न असा पाहिजे: या पार्टचं माप आणि दर्जा मला बाहेरून तपासता येतो का?

होज, फिटिंग, ओ-रिंग, सील, कपलर, या वस्तू मानकांवर बनतात. माप माहीत असेल तर चांगल्या ब्रँडचा होज गावाजवळच्या दुकानातून घ्या, मशीनच्या कंपनीचं लेबल नसलं तरी काही बिघडत नाही. सिलिंडरचा रॉड चांगल्या लेथवाल्याकडून करून घ्या. इथं कंपनीच्याच पार्टसाठी आठ दिवस मशीन उभं करणं मला मान्य नाही.

पण हायड्रोस्टॅटिक पंप, ड्राइव्ह मोटर, रिलीफ व्हॉल्व्हची कार्ट्रिज, कंट्रोल व्हॉल्व्हचा स्पूल, या वस्तूंची आतली फट मायक्रॉनमध्ये असते, आणि ती तुम्हाला-मला व्हर्नियरनं कळत नाही. तिथं नंबर जुळवून ओरिजिनल किंवा मूळ पंप बनवणाऱ्या कंपनीचाच घ्या. लक्षात ठेवा, मशीन बनवणारा आणि पंप बनवणारा बऱ्याचदा वेगळा असतो. पंपाच्या अंगावर त्याची स्वतःची पट्टी असते, तिच्यावर त्याचा मॉडेल नंबर असतो. ती घासून, पुसून फोटो काढा. त्या नंबरानं तोच पंप कधी कधी दुसऱ्या वाटेनं, मशीनच्या डीलरशिवायही मिळतो.

आता कंपन्यांचं आणि विक्रेत्यांचं

आमच्या भागात एका डेअरीवाल्याच्या मशीनचं बूम सिलिंडरचं सील गेलं. उत्तर आलं, सील किट वेगळं मिळत नाही, अख्खा सिलिंडर घ्या. नाव लिहीत नाही, कारण हे एकाचंच उत्तर नाही. अकरा दिवस मशीन उभं. पावसाळा. गोठ्यात गुडघाभर नाही, पण घोटाभर शेण. जनावरांच्या खुरांना त्रास सुरू झाला, दोन गायींचं दूध उतरलं, माणसं लावून शेण काढलं. शेवटी सिलिंडर उघडून मापं घेतली तर सील बाजारातल्या मापाचं निघालं. मग अकरा दिवस कशासाठी गेले? एका कागदावर चार आकडे नव्हते म्हणून.

डीलरची बाजूही मी ऐकलीय आणि ती खोटी नाही. तालुक्यात मोजकी मशिनं, त्यांच्यासाठी लाखांचा माल भरून ठेवणं परवडत नाही. एकाच मॉडेलमध्ये कंपनी मधेच पंप बदलते, म्हणून सिरियल नंबराशिवाय पार्ट सांगता येत नाही. आणि शेतकरी व्हॉट्सॲपवर फुटलेल्या पाइपाचा अंधारातला फोटो टाकतो आणि म्हणतो, ‘दादा, हा पाठवा.’ मान्य. पण यातली एकही अडचण अशी नाही की मशीन विकताना पार्ट बुक देता येऊ नये. माल ठेवू नका, नंबर तर द्या.

केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, तेव्हा मोबाईल, घरगुती उपकरणं आणि वाहनांबरोबर शेती अवजारंही त्या यादीत होती. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पोर्टल सुरू झालं. अमेरिकेत कोलोरॅडो राज्यानं २०२३ मध्ये शेती यंत्रांच्या दुरुस्तीचा कायदाच केला, तो १ जानेवारी २०२४ पासून लागू झाला. कंपनीनं पार्ट, हत्यारं आणि माहितीपुस्तकं मालकाला आणि बाहेरच्या मिस्त्रीलाही द्यायची, असं त्यात आहे. आपल्याकडंही शेती यंत्रांसाठी असं बंधन यावं असं माझं ठाम मत आहे. विशेषतः जिथं सरकारी अनुदानातून अवजार बँका उभ्या राहतात, तिथं मराठीतलं किंवा निदान चित्रांचं पार्ट बुक आणि हायड्रॉलिकचा नकाशा दिल्याशिवाय अनुदानाचा शेवटचा हप्ता सुटू नये. पैसा जनतेचा, यंत्र शेतकऱ्यांचं, मग नंबर कंपनीच्या कपाटात का?

पण कायदा येईपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही.

आपण करायचं ते

१. मशीन चालू असताना, सुगी नसताना, एक दिवस काढा. सिरियल नंबरची पट्टी, इंजिनची पट्टी, प्रत्येक पंप-मोटरची पट्टी, सगळ्यांचे उजेडात फोटो.

२. प्रत्येक होजला नंबर द्या, दोन्ही टोकांना तोच. वहीत लिहा: आतलं माप, एसएन किती, लांबी तोंडापासून तोंडापर्यंत, दोन्ही टोकांचे आटे, कोन, सरळ का वाकडं, आणि बसवल्याची तारीख.

३. सिलिंडर कधीही उघडला तर रॉड, बोअर, खाचा यांची मापं त्याच वहीत. पुन्हा उघडायची वेळ येण्याची वाट बघू नका.

४. बूमचा, बकेटचा असे जास्त हलणारे दोन-तीन होज तयार करून, दोन्ही तोंडांना बूच लावून ठेवा. ओ-रिंगचा एक डबा ठेवा. एवढ्यानं निम्मे खोळंबे मिटतात.

५. तेल कुठलं आहे ते टाकीवर रंगानं लिहा. गाडीचा ड्रायव्हर बदलतो, तेलाचा ग्रेड बदलता कामा नये.

६. जुनं मशीन घेताना रंग बघू नका. तेल गरम होईपर्यंत अर्धा तास चालवून मग बूम उचला. आणि पार्ट बुक मागा. नाही म्हणाला तर किंमत कमी करून मागा.

आणि जिवाचं

हे शेवटी लिहितोय पण महत्त्व पहिलं आहे. गळती शोधायला हात फिरवू नका. सुईच्या टोकाएवढ्या भोकातून येणारी दाबाची धार कातडीतून आत जाते. बाहेर टाचणी टोचल्याएवढी खूण दिसते, दुखतही नाही फारसं, आणि आत तेल पसरत जातं. ही तातडीची शस्त्रक्रियेची गोष्ट आहे, काही तासांत मोठ्या दवाखान्यात नेलं नाही तर बोट, कधी हात जातो. हळद लावून घरी बसायचं नाही. डॉक्टरला ‘टोचलंय’ म्हणू नका, ‘दाबाचं हायड्रॉलिक तेल आत गेलंय’ असं स्पष्ट सांगा. गळती शोधायला पुठ्ठ्याचा तुकडा धरा, तोही लांबून.

उचललेल्या बूमखाली जायचं तर मशीनचा स्वतःचा बूम लॉक लावूनच. विटा नाहीत, लाकूड नाही, जॅक नाही. इंजिन बंद केल्यावर लिव्हर सगळीकडं हलवून दाब मोकळा केल्याशिवाय एकही नट सोडायचा नाही. काम चार तास उशिरा झालं तर शेण थांबतं, माणूस गेला तर काय थांबतं ते त्याच्या घरच्यांना विचारा.

मला कुणी विचारलं की चांगला मिस्त्री कसा ओळखायचा, तर मी म्हणतो, जो पान्याच्या आधी व्हर्नियर काढतो तो. आणि चांगला मालक? ज्याच्या मशीनची वही मिस्त्रीच्या हातात पडते तो. पार्ट बाजारात आहे. त्याचं नाव नाही, माप घेऊन जा.